एकवीस म्हणेल तो हरला

सुनेनं बॅगेत ठेवलेली चादर फर्मेबाईंनी उचलली आणि पुन्हा कपाटात टाकली.

"आई, आठ दिवसांचाच तर प्रश्न आहे," सून म्हणाली.

"आठ दिवसांना चार स्वेटर लागत नाहीत."

मुलगा टेबलाशी मोबाइल घेऊन बसला होता. गेल्या आठवड्यात आईच्या हातून गॅस चालू राहिला, पातेल्याचा कोळसा झाला, शेजाऱ्यांनी दार ठोठावलं. तेव्हाच त्यानं मनाशी पक्कं केलं होतं, आईला आपल्याकडे न्यायचं आणि हे घर बंद करायचं. आता फक्त तिच्या तोंडून 'हो' वदवायचं होतं.

"आई, शंभरातून सात-सात वजा करत जा बरं. स्मरणशक्तीची चाचणी आहे."

फर्मेबाईंच्या कपाळाला आठी पडली. छापखान्यात छत्तीस वर्षं बाइंडिंग केलेली बाई ती. शेजारणीशी गप्पा मारता मारता छापील कागदांचे फर्मे मोजायची, आणि एक पान इकडचं तिकडे व्हायचं नाही. हे नाव तिथलंच.

"मी काय पहिलीत आहे? परीक्षा घ्यायची तर समोर बसून खेळ. एकापासून मोजायचं. दर वेळी एक, दोन किंवा तीन आकडे म्हणायचे. एकवीस म्हणेल तो हरला. चल, तू आधी."

"एक, दोन," मुलगा हसत म्हणाला.

"तीन, चार."

तो हरला. दुसऱ्यांदाही हरला. तिसऱ्या डावात त्याचं हसू मावळलं आणि ओठ हलू लागले. चौथ्या डावाआधी तो म्हणाला, "आता तू सुरुवात कर."

चाराची मेख त्याला सापडली होती. चार, आठ, बारा, सोळा, वीस गाठत गेलं की समोरच्याच्या गळ्यात एकवीस. सुरुवात करणाऱ्याची धडगत नाही, हे फर्मेबाईंनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी पदर खोचला.

"एक."

चार त्यानं घेतला. आठ घेतला. बाराही घेतला.

"तेरा," फर्मेबाई म्हणाल्या. टेबलावरच्या त्यांच्या हाताला अजून बाइंडिंगचे घट्टे होते. मुलाची नजर त्या हातावर गेली.

"चौदा," तो म्हणाला आणि थांबला.

सून स्वेटरची घडी घालायची विसरली. फर्मेबाई मुलाकडे बघत राहिल्या.

"पुढं?"

"झालं माझं. तू म्हण."

"तुला सोळा दिसत होता."

"नाही गं, आई."

"मला लहान पोरासारखं जिंकवतोस? नीट खेळ!"

त्यानं मान खाली घातली. "पंधरा, सोळा."

"सतरा, अठरा."

"एकोणीस," तो जेमतेम पुटपुटला, "वीस."

"एकवीस!" फर्मेबाई म्हणाल्या, छापखान्यातल्या यंत्रांच्या खडखडाटातही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मग आवाज खाली आला. "गॅस मीच चालू ठेवला. विसरले. पुढंही विसरेन. त्याला काय करायचं ते बसून ठरवू. पण माझ्यासमोर, माझ्या घरात. बॅग भरून नाही."

सुनेनं हातातला स्वेटर पुन्हा कपाटात ठेवला.

"आपोआप बंद होणारी शेगडी मिळते म्हणे," सून हळूच म्हणाली.

मुलानं तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे. मोबाइल त्यानं पालथा ठेवला. "उद्या बघून येऊ. तिघंही."

"तू का उभी?" फर्मेबाई सुनेला म्हणाल्या. "बस खेळायला. तिघांत चाराचा हिशेब चालत नाही."

"मग कोण जिंकतं?"

"ते मलाही माहीत नाही," म्हणत त्यांनी तिसरी खुर्ची पायानं पुढं ढकलली.