झोपताना लावायची ट्यूब

चाकणच्या एका कंपनीत ज्योतीराम वेल्डिंगला होता. मूळचा करमाळ्याकडचा, तिशीच्या आतला, अंगाने शिडशिडीत आणि बोलताना सारखा हसणारा. जवळच कुरुळीत, कंपनीतल्याच नवनाथबरोबर एका खोलीत राहायचा. धगीत उभं राहून त्याचा चेहरा रापला होता. हेल्मेटचा पट्टा घासायचा तिथे कपाळावर पुळ्या यायच्या. शिफ्ट सुटली की हाताचं ग्रीस काढायला कंपनीने ठेवलेल्या पावडरनेच तो तोंडही खसाखसा घासायचा.

"तोंड धुतोयस का कढई घासतोयस?" नवनाथ विचारायचा.

"पुरुषाच्या तोंडाला काय होतंय राव!"

मग भोसरीच्या एका स्थळाने नकार कळवला. मुलगा चांगला आहे, पण फारच काळा दिसतो, एवढंच ते म्हणाले. शालनबाईंनी, त्याच्या आईने, फोनवर हे रडत सांगितलं. त्याने हसण्यावारी नेलं, पण त्याच संध्याकाळी तो कुरुळीतल्या एका मेडिकलसमोर जाऊन उभा राहिला. दोन बायका औषधं घेऊन जाईपर्यंत थांबला आणि हळूच म्हणाला, "तोंड उजळायला काय आहे का?"

दुकानदाराने काही न विचारता एक ट्यूब काउंटरवर टाकली. "झोपताना लावा. फरक दिसेल."

फरक दिसला. पुळ्या गेल्या, रंग उजळला. लाईनवरची पोरं चिडवायला लागली. पुढचं स्थळ चिंचवडचं होतं. विजयश्री तिथल्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करायची. बघण्याच्या कार्यक्रमात ज्योतीरामच्या हातून चहा सांडला आणि तो स्वतःच मोठ्याने हसला. तिलाही हसू आवरलं नाही. साखरपुडा झाला, लग्नाची तारीख धरली. रोज जेवणाच्या सुट्टीत दोघं फोनवर बोलायची.

होळीनंतर तोंड भाजल्यासारखं व्हायला लागलं. हेल्मेट घातलं की आत मिरची चोळल्यासारखी आग. उन्हात निघालं की गाल लालबुंद. गालांवर बारीक शिरा दिसायला लागल्या. एखादी रात्र ट्यूब लावायची राहिली तर सकाळी पुळ्यांचं मोहोळ उठायचं, म्हणून तो आणखी लावायचा. शेवटी नवनाथने त्याला ओढतच चिंचवडला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी ट्यूब हातात घेऊन बघितली. "ही क्रीम नाही, स्टेरॉइडचं औषध आहे. थोडे दिवस, आम्ही सांगू तेवढंच लावायचं असतं. तुमच्या तोंडाची कातडी पातळ झालीय."

"मग आता?"

"आता बंद. बंद केल्यावर आधी जास्त बिघडेल, काही महिने. घाबरून परत लावू नका. मी गोळ्या देते. तोंड साध्या सौम्य साबणाने धुवायचं, घासायचं नाही. ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर लावायचं. बाहेर पडताना सनस्क्रीन."

"एवढंच?"

"पहिल्यापासून एवढंच केलं असतंत तरी पुरलं असतं," त्या म्हणाल्या.

ज्योतीराम म्हणाला, "मॅडम, पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं." त्या चिठ्ठीवर गोळ्या लिहायला लागल्या.

ट्यूब बंद केली आणि चेहरा सुजला. डोळे बारीक झाले, गालांवर पू धरला, ओठांच्या कडा चिरल्या. त्याने रजा टाकली. विजयश्रीला सांगितलं, कंपनीत ओव्हरटाइम चालू आहे. व्हिडिओ कॉल आला की तो कट करायचा आणि 'रेंज नाही' असा मेसेज पाठवायचा.

एका रविवारी दुपारी दारावर थाप पडली.

"मी विजयश्री. दार उघडा."

नवनाथ उठला. ज्योतीरामने त्याचा हात घट्ट धरला.

"नवनाथभाऊंनी सगळं सांगितलंय मला," ती बाहेरून म्हणाली. "तारीख पुढं ढकलू. बाबांशी मी बोलते. पण मला एकदा बघू तर द्या."

ज्योतीराम भिंतीला टेकून बसला होता. डोळ्यांतलं पाणी गालांवर उतरलं तिथे झोंबत होतं.

"भावा, उघड," नवनाथ कुजबुजला. "एवढ्या लांब आलीय ती."

ज्योतीरामने मान हलवली. मग दाराकडे न बघता ओरडला, "जा तुम्ही! मला भेटायचं नाही."

मग जिन्यावर चपला वाजल्या.

दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचा, हिंदुरावांचा फोन आला. ते शांतपणे बोलले. "आजार आम्ही समजून घेतला असता. पण माझ्या पोरीला दारातनं परत पाठवलंत तुम्ही. तुमच्या घरात मी तिला देणार नाही."

ज्योतीरामने विजयश्रीला फोन लावला. तिने उचलला.

"चुकलं माझं. मला वाटलं, सूज उतरू दे, मग..."

"आणि लग्नानंतर परत सूज आली असती तर?" तिने विचारलं. "तेव्हाही मला बाहेरच ठेवलं असतं?"

आणि तिने फोन ठेवला.

कंपनीने त्याला धगीतून काढून स्टोअरला बसवलं. तोंडाला रुमाल बांधून तो मालाच्या पेट्या मोजायचा. कुणी महारोग म्हणालं, कुणी आणखी काही. कँटीनमध्ये त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. नवनाथ मात्र ताट घेऊन रोज तिथेच येऊन बसायचा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं ज्योतीराम नेमाने करत होता. पू गेला, सूज उतरली, पण लाली आणि शिरा राहिल्या. विजयश्रीचं तळेगावला जमल्याचं नवनाथच्या कानावर आलं. ज्योतीरामला ते त्याने बऱ्याच उशिरा सांगितलं.

दिवाळीला तो गावी गेला नाही, म्हणून शालनबाईच कुरुळीला आल्या. पिशवी खाली ठेवून त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"काढ की त्यो रुमाल. मी आई हाय तुजी."

त्याने रुमाल सोडला. त्या बघत राहिल्या. मग दोन्ही हात त्याच्या गालांकडे नेले.

"आई, हात लावू नको," तो झटकन मागे सरला. "आग होती."

त्यांचे हात तसेच हवेत थांबले. मग त्यांनी ते स्वतःच्या कानशिलांवर नेले आणि कडाकडा बोटं मोडली.