पितळी ब्लॉक

“बसवायचा न्हाई म्हणता, मग काय लोणचं घालू याचं?” बुद्धप्रियाने पाकीट टेबलावर आपटलं. आतला पितळी ब्लॉक दगडासारखा वाजला.

“बसवतो की, अक्का. माझं काय जातंय? पन आधी गिटार खोलून तर बघू द्या,” गुरुबसप्पा म्हणाले.

लातूरच्या गंजगोलाईमागच्या बोळात ते बाजाच्या पेट्या आणि गिटारी दुरुस्त करायचे. बुद्धप्रिया त्यांच्याकडे वर्षानुवर्षं येत होती, पण अशी फणफणत कधी आली नव्हती. नांदेडहून पहाटेच्या एसटीत बसल्यापासून तिचं डोकं तापलं होतं. तिकिटासाठी कंडक्टरने तीनदा हाक मारली, तेव्हा कुठे तिने मान वर केली आणि उलट त्यालाच सुनावलं, “तोंडातल्या तोंडात काय बोलता? जरा मोठ्यानं बोला की.”

खरा राग आदर्शवर होता. तिच्या भावाचा, नरसिंगचा मुलगा. नरसिंग गेल्यापासून भीमगीतांची गायन पार्टी तोच चालवायचा. परवा तालमीत सगळ्यांदेखत म्हणाला, “आत्या, तुझी गिटार सूर धरून राहिली न्हाई. तिचा ब्लॉकच हलका हाय. नऊ हजाराचा पितळी मागवलाय, लातूरला जाऊन बसवून घे. न्हाईतर कंधारच्या कार्यक्रमात गिटारचं मी कीबोर्डवर वाजवतो.”

एकसष्ट वर्षांच्या आत्याला हे बोलला. ज्या पोराचं बोट धरून तिने पेटीच्या पट्ट्या दाखवल्या, तो.

गिटार नरसिंगने हैदराबादहून जुनी आणली होती. त्याला ती जमली नाही, हिला जमली. गावोगावी लोक हसायचे. “बाईमाणूस तुम्ही, गाणं म्हणा की. हे काय गळ्यात अडकवलंय?” ती तारेवर बोट ठेवायची, आणि पहिल्या ओळीलाच हसणं थांबायचं. पार्टीचा कान म्हणजे बुद्धप्रिया. पेटीवाल्यालासुद्धा ती सांगायची, तुझा गंधार उतरलाय. तपासलं की तो उतरलेलाच असायचा.

गुरुबसप्पांनी गिटार पालथी घातली आणि मागचं झाकण काढलं. तारा ज्या ठोकळ्यात ओवलेल्या असतात, तो ब्लॉक दिसला. त्याच्या आणि लाकडाच्या मध्ये एक काळपट पाचर घट्ट ठोकलेली होती.

“ही कोनाची करामत?”

“नरसिंगची. एक तार तुटली की बाकीच्या सगळ्या बेसूर व्हायच्या. आमचा बाप गँगमन होता रेल्वेत. रूळ रुंद झाले, तवा रुळाखालचे लाकडी स्लीपर निघाले. त्यातला तुकडा तासून ठोकला नरसिंगनं. पुन्हा कधी हललं न्हाई.”

“तेच तर सांगून राहिलो.” गुरुबसप्पांनी बोटाने पाचर दाबून पाहिली. “जो ब्लॉक हलतच न्हाई, त्याच्यापायी सूर कसा जाईल? पितळी बसवला तर आवाज जरासा घुमंल. तुमच्या मांडवातल्या भोंग्यांत तेबी ऐकू यायचं न्हाई. आन गिटार विकाया काढली तर पाच हजार येत न्हाईत. तिच्यात नऊ हजार घालू नका.”

“मग सूर जातो कुठं?” ती ओरडलीच. “आदर्श काय खोटं बोलला?”

गुरुबसप्पांनी खुंट्या तपासल्या, सूर मोजायचं मीटर लावून सहाही तारा सुरात आणल्या, खसाखसा ओढून पाहिल्या. काटा जागचा हलला नाही. मग त्यांनी गिटार तिच्या हातात दिली. “आता तुम्ही बघा बरं.”

जाड तारा बरोबर होत्या. बारीक दोन तिला उतरलेल्या वाटल्या. तिने खुंटी पिळली. अजून थोडी. हां, आता लागली. मान वर केली, तर गुरुबसप्पांचा पंजा मीटरवर आडवा होता.

“हात काढा, अप्पा.”

त्यांनी हात काढला. काटा पार उजवीकडे, चढ्या सुराकडे जाऊन पडला होता.

“तुमचं यंत्र बिघडलंय.”

गुरुबसप्पांनी शेजारची पेटी ओढून तोच स्वर धरून ठेवला. बुद्धप्रियाने तार छेडली. पेटी आणि तार एकमेकींना घासत होत्या, जात्यात खडा यावा तशा. हे मात्र तिला ऐकू आलं.

तिने पुन्हा छेडली. पुन्हा तेच.

“चाळीस वरसं भोंग्याखाली उभ्या ऱ्हायला, अक्का,” ते हळू म्हणाले. तिने कानामागे हात धरला, तेव्हा त्यांना ते परत मोठ्याने म्हणावं लागलं.

ती उठली. पाकीट पिशवीत टाकलं. आता तिचा राग आणखीच वाढला होता, फक्त त्याने जागा बदलली होती. आदर्शला ठाऊक होतं. पार्टीतल्या सगळ्यांना ठाऊक असणार. तिच्या माघारी ठरलं असणार, दोष गिटारीवर टाका म्हणून. नऊ हजार दिले, पण एक वाक्य तोंडावर बोलले नाहीत.

संध्याकाळी ती कंधारला पोचली, तेव्हा मांडवात लोक बसू लागले होते. आदर्श धावत आला.

“बसवला का आत्या?”

तिने न उघडलेलं पाकीट त्याच्या छातीवर दाबलं. “परत कर. माझा कान गेलाय, ब्लॉक न्हाई. कधीपासून माहीत हाय तुला?”

आदर्शची मान खाली गेली. “दोन वरसं झाली.”

“तुझ्या बापानं त्याच दिवशी तोंडावर सांगितलं असतं.”

“कसं सांगू? सूर तूच तर शिकवलास मला.”

“म्हणूनच सांगायचं असतं, गाढवा.”

ती मंचावर जाऊन आपल्या जागेवर बसली. गिटार मांडीवर घेतली आणि तिची मान आदर्शपुढे केली. “तारा लाव.”

मागे ढोलकीवाला टकटक करता करता थांबला. आदर्श खुंट्या पिळू लागला. ती मांडवाकडे बघत राहिली, जबडा आवळून, गिटारीच्या पाठीवर, पाचरीच्या जागी, तळवा टेकवून. शेवटची बारीक तार लावून त्याने हात काढला.

तिने ती छेडून पाहिली. तिच्या कानाला तार उतरलेलीच होती. खुंटीकडे गेलेला हात तिने मागे घेतला आणि वाजवायला सुरुवात केली.