ममताचा काळा अंगठा

शाळेची घंटा अजून व्हायची होती, तोच अख्खं गाव पटांगणात येऊन बसलं होतं. पालकसभेला बोलावलं तर याच गावातून मोजकी माणसं येतात, आणि त्यातलीही निम्मी चहा झाला की फोन आल्याचं निमित्त करून सटकतात. आज मात्र कंपाऊंडच्या भिंतीवर पोरं, कडुनिंबाखाली बाया, आणि फाटकातल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ऊस सोलत बसलेले बाप्ये. कारण शाळेत बाबा आले होते. काजळबाबा.

कळसाडीच्या अलीकडचं हे गाव तसं शहाणं. कापसाचा भाव मोबाईलवर बघणारं, ऊस कोणत्या कारखान्याला घालायचा यावर दिवसभर वाद घालणारं. पण बाबांचं नाव निघालं की सगळं शहाणपण चपलांसोबत बाहेर राहायचं. बाबा म्हणे लहान पोराच्या अंगठ्याला काजळ लावतात आणि त्या काळ्या नखात चोर दिसतो, चालताबोलता, सिनेमासारखा. तळोद्याकडे एकाची म्हैस अशीच सापडली. कोणाची? ते सांगणाऱ्याला दुसऱ्याने सांगितलं होतं आणि दुसऱ्याला तिसऱ्याने. म्हैस सापडली, म्हशीचा मालक मात्र आजवर कोणालाच सापडलेला नाही.

शाळेचं जे हरवलं होतं ते म्हशीहून लाडकं होतं. तालुक्याच्या खो-खो स्पर्धेत आठवीच्या मुलींनी जिंकलेला चषक. दोन कानांचा, चकचकीत, बाळासारखा कडेवर घेता येईल एवढा. स्नेहसंमेलनात तो मिरवायचा होता आणि त्याआधीच ऑफिसातल्या टेबलावरून तो गायब झाला. मुख्याध्यापक अमृत सरांनी कपाटं उपसली, नकाशांच्या गुंडाळ्यांत डोकावून पाहिलं, शेवटी पोषण आहाराच्या तांदळातही हात घातला. चषक नाही तो नाहीच.

तेव्हा शाळा समितीचे अध्यक्ष हिंमतराव आबा म्हणाले, "सर, आते शोधानं बंद. मी बाबासले बलावस."

अमृत सर आबांना कधी नाही म्हणत नाहीत. विज्ञानाच्या अल्पना मॅडम तेवढ्या म्हणाल्या, "आबा, आधी मुलांनाच नीट विचारू या की."

"मॅडम, तुम्ही पोरेसले शिकाडा," आबा म्हणाले, आणि विषय संपला.

बाबांना या कामाला पायाळू मूल लागत होतं. म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेलं. असल्या मुलाला म्हणे जमिनीखालचं धनसुद्धा दिसतं.

"मन्ही ममता पायाळू शे," बायांमधून बेबीबाई उठून म्हणाली, जणू पोरीचा पहिला नंबर आला होता.

ममता आठवीत. पायाळू असण्याचा तिला आजवर एकच अनुभव होता. कोणाच्या पाठीत चमक भरली की ते माणूस तिच्या दारात लाथ खायला यायचं. पायाळूची लाथ बसली की चमक जाते, अशी गावाची खात्री. तिने शेजारच्या काकांना लाथ मारली होती, रेशन दुकानदाराला मारली होती, खुद्द हिंमतराव आबांनाही मारली होती, आणि वर शाबासकी घेतली होती. पण एक गोष्ट तिने टिपून ठेवलेली. लाथ खाल्लेली पाठ जितक्या दिवसांत बरी व्हायची, तितक्याच दिवसांत न खाल्लेलीही बरी व्हायची. हे तिने आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली होती, "चूप बठ. तुले पुण्य लागस."

विधीच्या आधी बाबा ऑफिसात चहा घेत होते. ऑफिसात चहा न्यायचं काम दर वेळी मुलींकडेच कसं येतं, हे कोडं ममताला अजून सुटलेलं नाही, पण त्या दिवशी ते कामाला आलं. ती ट्रे घेऊन आत गेली तेव्हा बाबा बशीतून चहा ओढत हळूच विचारत होते, "संशय कोणावर?"

"आते कसं सांगो बाबा," आबा म्हणाले. "पन खो-खोना कप शेवटला त्या डोंगरवरनी पोरना हातमा व्हता. आशा नाव शे. होस्टेलमा ऱ्हास."

"दोन वेण्या?"

"हां. दोन."

बाबांनी डोळे मिटले आणि मान हलवली, जणू हे त्यांना आत्ताच वरून कळलं होतं.

ममता ट्रे तिथेच ठेवून धावत पाण्याच्या टाकीमागे गेली. आशा तिथेच होती. काठी गावाच्या बाजूच्या पाड्यावरची आशा, खो-खो संघाची कॅप्टन. ममताने ऐकलेलं सगळं सांगून टाकलं. आशाने वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"म्हणजे माझं नाव ठरलंच," ती म्हणाली.

"मी सांगेन, मला काही दिसत नाही."

"मग ते दुसरा पायाळू आणतील. त्याला दिसेल."

ममताने टाकीचा गळका नळ उगाच घट्ट पिळला.

"बाचं तुला माहितेय," आशा म्हणाली. "एक तक्रार आली की शाळा बंद. घरचे ऊसतोडीला गुजरातेत जाणार, लहान्यांना सांभाळायला माणूस पाहिजेच आहे. चोर म्हणून घरी गेले तर मला परत कोण पाठवणार?"

"मग मी करू तरी काय?"

"जा आणि बस. पण जे दिसेल तेच बोल. तो बाबा तुझ्या तोंडात घालेल ते नको."

पटांगणात पाट मांडला होता. ममता बसली. बाबांनी तिच्या उजव्या अंगठ्याच्या नखावर काजळ आणि एरंडेलाचा थर चोपडला आणि समोर दिवा ठेवला. मग सुरू झाला मंत्र. "ओम् काली काजळी, गिरनारची सावली, चोराला ओढ, कवाड फोड, फट्." प्रत्येक फट्‌ला पुढच्या रांगेतली बाळं दचकत होती आणि त्यांच्या आया कृतार्थ होत होत्या.

"डोळे मिटायचे नाहीत, मुली. नखात मैदान दिसेल."

"नाही दिसत."

"दिसेल. आता झाडूवाला येईल. मैदान झाडेल. आला?"

"नाही आला."

"सुट्टीवर व्हई," ट्रॉलीतून कोणीतरी म्हणालं. बायांनी पदर तोंडाला लावले.

बाबांनी ट्रॉलीकडे एक जळजळीत नजर टाकली. "श्रद्धा नसेल तिथे दर्शन नाही. मुली, नीट बघ. पाणी शिंपडणारा आला, गादी घातली, बादशहा बसला. बादशहा चोराला पुढे बोलावतोय. मुलगी आहे ना? दोन वेण्यांची?" आणि उत्तर ऐकायला बाबा पार तिच्या हातावर ओणवे झाले.

ममताच्या डोळ्यांत पाणी जमलं होतं. नख लुकलुकत होतं, थरथरत होतं. आत खरंच काहीतरी हललं. क्षणभर तिलाच वाटलं, दिसतात की काय वेण्या. तिने डोळे बाहीला पुसले आणि पुन्हा पाहिलं.

"दिसलं," ती म्हणाली.

गाव पुढे सरकलं. भिंतीपाशी उभ्या आशाने वेणीचं टोक मुठीत धरलं.

"मुलगी नाही. माणूस आहे."

"माणूस?" बाबा आणखी वाकले.

"दाढी आहे. कपाळाला मोठा टिळा. गळ्यात माळा. आता आणखी जवळ आला. दाताला सोनं आहे."

सगळ्यांनी आधी अंगठ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या दाताकडे. बाबांनी तोंड मिटलं.

"आता तोंड मिटलं," ममता म्हणाली.

ट्रॉलीतला हशा भिंतीवर गेला, भिंतीवरून कडुनिंबाखाली. आबा तावातावाने उठले. "दखाड माले," म्हणत त्यांनी तिचा हात ओढून नखाशी डोळे नेले. बराच वेळ पाहिलं.

"काय दिखनं, आबा?"

"टोपी."

"कोनी?"

आबांनी खाकरून घेतलं. "मन्हीच."

मग अमृत सरांनी पाहिलं, त्यांना चष्मा दिसला. बेबीबाईने पाहिलं, तिला नथ दिसली आणि तिने ती जागच्या जागी सारखी करून घेतली.

"ममता, हे कसं होतं ते सांग सगळ्यांना," अल्पना मॅडम मागून म्हणाल्या.

ममता पाटावर उभी राहिली. तिने आवाज चढवला. "घरी स्टीलच्या डावाच्या पाठीत बघितलं की काय दिसतं?"

"आपलंच नाक," भिंतीवरची पोरं ओरडली.

"नख पण तसंच फुगीर. त्यावर काजळ अन् तेल, म्हणजे झाला काळा आरसा. जो वाकेल तो दिसेल. टक लावून बसलं की डोळ्यांत पाणी येतं, मग सगळं हलतं. अन् वरून मोठा माणूस विचारतो, मुलगी ना? दोन वेण्या ना? लहान पोर घाबरून हो म्हणतं. पायाळू असो नाहीतर डोक्याळू."

"आणि वेण्या यांना कशा कळल्या?" मॅडमनी विचारलं.

"चहा पिताना आबांनीच सांगितल्या."

आबा खाली बसले. पण हट्ट सुटला नव्हता. आपण एकटेच फजीत कशाला व्हायचं म्हणून की काय, त्यांनी नातवाची कॉलर धरून त्याला पुढे केलं. भाग्येश ममताच्याच वर्गातला. "चाल, तू बी देख अंगठामा."

भाग्येश अंगठ्यापर्यंत पोचलाच नाही. मध्येच त्याला रडू फुटलं. "आबा, मी चोरी नही कयी. रील बनाडाले लई गयथू. हातमाईन पडना अन् कान तुटी गया."

तेवढ्यात बाबांना आवाज फुटला. "पाहिलंत? पाहिलंत ना? अंगठ्यासमोर चोर उभा केला. हीच ती काजळाची शक्ती. पण हे पोर भोळं आहे. याच्यामागे दुसरं कोणी आहे. मुलगी आहे."

वारं फिरतं तसं गाव फिरलं. आत्ता हसणारे हात जोडू लागले. नातवाच्या नावाला डाग लागलेला पाहून आबांनीही तोच धागा पकडला. "हां. मन्हा पोऱ्याले कोन्हीतरी शिकाडं व्हई." त्यांचे डोळे भिंतीपाशी गेले, आशाकडे.

भाग्येश सांगणारच होता, "आबा, कप तर..." तोच ममताने पाटावरून उडी मारून त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्याचे ओठ काळे झाले.

"थांब. कुठे लपवलाय ते बोलू नको. फक्त सरांच्या कानात सांग."

भाग्येशने अमृत सरांच्या कानात सांगितलं. सरांच्या भुवया चष्म्याच्या वर गेल्या.

"आता बाबांनी सांगावं," ममता म्हणाली. "चोर दिसला, त्याच्यामागची मुलगी दिसली, मग एवढा मोठा कप पण दिसत असेल. अंगठा इथेच आहे."

बाबा हसले, पण फक्त दाढीने. "काजळ एकदा बोललं की..."

"सांगा ना बाबा," बेबीबाई म्हणाली. तिच्या आवाजात श्रद्धा होती की दुसरं काही, कोणाला कळलं नाही.

"पाण्याजवळ आहे," बाबा म्हणाले.

सरांनी मान हलवली. नाही.

"लोखंडाजवळ."

"नाही."

"मातीखाली. पूर्वेला. अंधारात, एका... एका झाडाच्या..."

"बाबा, अजून नंदुरबार जिल्हाच चालू शे का?" ट्रॉलीवाल्याने विचारलं.

अमृत सर, जे आबांसमोर कधी मोठ्याने बोलले नव्हते, ते मोठ्याने बोलले. "चषक आबांच्या ओसरीवर आहे. कापसाच्या ढिगात."

यंदा भाव चढेल म्हणून आबांनी कापूस विकला नव्हता, हे गावाला माहीत होतं. काल संध्याकाळी बाबा त्याच ओसरीवर पुरणपोळी जेवले, हेही माहीत होतं. आणि जेवून झाल्यावर ते कशाला पाठ टेकून पहुडले, ते वाढणाऱ्या बायांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"म्हंजे चोरीना माल बाबासना पाठीखाल व्हता," एक म्हातारी सावकाश म्हणाली, "अन् बाबासले टोचना बी नही."

मग जे हसू सुटलं ते आवरेना. अल्पना मॅडमनी असल्या प्रकाराविरुद्ध राज्यात कायदा असल्याचं शांतपणे सांगितलं आणि फोन हातात घेतला. बाबांना एकाएकी तळोद्याला कोणाची तरी निकड दिसू लागली. त्यांची मोटारसायकल फाटकाबाहेर गेली तेव्हा ओवाळायला आणलेले नारळ बायांनी पिशव्यांत परत घातले. चटणीला होतात.

भाग्येश धावत जाऊन चषक घेऊन आला. अंगभर कापसाचे पुंजके, एक कान गायब. तो थेट आशाकडे गेला. "तुझा काही संबंध नव्हता. मी एकटाच होतो," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आबांनी टोपी काढून हातात घेतली. मग उठले. "पोरी, मन्हं चुकनं," ते आशाला म्हणाले.

आशाने चषक कडेवर घेतला. "आबा, हे संमेलनात माइकवर बोला. माझा बा येणार आहे. वीरसिंग नाव आहे त्याचं, पुढे बसवा त्याला."

आठवीतल्या पोरीने अध्यक्षांना असं सांगावं, हे गावाने पहिल्यांदाच ऐकलं. आबांनी तिच्याकडे पाहिलं, चषकाकडे पाहिलं आणि मान डोलावली. "बोलसू."

आता कोणी म्हणेल, एका कपापायी एवढं रामायण कशाला. कप तर मिळालाच असता, कापूस विकायला काढला त्या दिवशी ठणकन खाली पडला असता. पण तोवर आशा गुजरातेत उसाच्या फडात भावंडं राखत बसली असती, आणि गाव म्हणत राहिलं असतं की पायाळूने डोळ्यांनी पाहिलं. हरवलेली वस्तू सापडते. लेकराच्या नावाला लागलेलं काजळ मात्र रिठ्यानेही निघत नाही, आणि ते लावायला फक्त एक चहा आणि एक कुजबुज पुरते. म्हणून कोणी म्हणालं, मला दिसतं, तर भिऊ नका आणि भारावूनही जाऊ नका. सरळ विचारा: कसं दिसतं? मलाही दाखवता का? मी झाकून ठेवलेलं ओळखता का? खरं असेल ते प्रश्नांनी झिजत नाही. आणि ज्याला प्रश्नांचा राग येतो, त्याच्या हाती आपल्या पोरांची नावं देऊ नका.