रस्त्यात उभं राहू नये

मोठ्या चौकात गाड्यांच्या मधोमध फडकी विकणाऱ्या म्हातारीला सगळे 'खांब' म्हणत. उगाच नव्हे. सिग्नल हिरवा झाला की बाकीचे विक्रेते जीव मुठीत धरून फुटपाथकडे धूम ठोकत आणि ही बाई दोन रांगांमधल्या पांढऱ्या पट्ट्यावर पाय जुळवून, फडक्यांचा गठ्ठा पोटाशी धरून ढिम्म उभी राही. दोन्ही बाजूंनी बस, ट्रक, मोटारी सुसाट जात. तिच्या अंगाला आजवर साधं खरचटलंही नव्हतं.

सून धंद्यात आली तेव्हा म्हातारीने तिला पहिलं हेच शिकवलं. "गाडीवाल्याला तू दिसलीस की तो तुला टाळणार. तू हललीस की त्याचा अंदाज चुकला. पट्टा सोडायचा नाही. आभाळ कोसळलं तरी नाही." सून आधी रडकुंडीला आली, मग शिकली आणि इतकी शिकली की पट्ट्यावर उभ्या उभ्या जांभया देऊ लागली. घरात दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. भाजीतल्या मिठावरून जुंपायची ती झोपेपर्यंत. चौकात मात्र सून सासूच्या शब्दाबाहेर जात नसे.

मग कायदा आला. एका दारुड्या मोटारवाल्याने चौकात फुगेवाल्याला उडवलं, म्हणून पायी माणसाने रस्त्यात उभं राहणं हाच गुन्हा ठरला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! रस्ता ओलांडायची मुभा होती, थांबायची नव्हती. चौकातला हवालदार तसा माणूस वाईट नव्हता. त्याने विक्रेत्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "आमच्या साहेबांची गाडी दिसली की चालायला लागा. चालणारा माणूस ओलांडतोय, असं मला म्हणता येतं. उभ्या माणसाचं मी काय सांगू?"

सगळ्यांनी ते ऐकलं. चार्जर विकणारा एकटा अडून राहिला, तो आठवडाभर लॉकअपमध्ये बसला. तेव्हापासून म्हातारीचा जीव थाऱ्यावर नव्हता. स्वतःचं तिला काही वाटत नव्हतं. आत काय, बाहेर काय, तिला सगळं सारखंच. पण सुनेचं पोर अजून अंगावर पीत होतं. वरच्या दुधाला ते तोंडसुद्धा लावत नसे. दुपारी शेजारणीकडे जाऊन सून त्याला पाजून येई. ती आठवडाभर आत गेली तर पोराने करायचं काय?

त्या दुपारी सिग्नल नुकताच हिरवा झाला होता. सून पलीकडच्या पट्ट्यावर, सासूकडे पाठ करून उभी होती. गाड्या सुटल्या आणि कोपऱ्यावरून साहेबांची गाडी वळताना म्हातारीला दिसली. तिच्या डोळ्यांपुढे फक्त पोर आलं.

"चाल!" ती ओरडली. "अगं, चाल!"

सुनेने मागे वळूनही पाहिलं नाही. सासूने सांगितलं म्हणजे सांगितलं. तिने पट्टा सोडला आणि चालायला लागली. टेम्पोवाल्याने ब्रेक दाबला, पण टेम्पो थांबला तो तिला उडवून पुढे जाऊन.

डॉक्टरांनी हात लावायच्या आत सगळं संपलं होतं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात हवालदार म्हातारीचा जबाब घ्यायला बसला.

"आजी, उभी होती की चालत होती?"

"चालत होती."

"मग तिच्यावर काही गुन्हा लागत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. त्याला खरंच धीर द्यायचा होता. म्हातारीला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याआधी स्वतःच्या.

मुलगा कामावरून धावत आला तो वाटेत शेजारणीकडून पोराला घेऊन, खांद्यावर टाकूनच. पोर भुकेने आकांत करत होतं. त्याने बायकोला पाहिलं, बाहेर आला आणि पोराला थोपटू लागला.

"आई, ती हलली कशी गं?" त्याने विचारलं. "तू तर तिला शिकवलं होतंस."

घाबरली असेल, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. चौकातल्या गोंगाटात तिची हाक सुनेशिवाय कुणालाच ऐकू गेली नव्हती.

"मी सांगितलं म्हणून हलली," म्हातारी म्हणाली. "साहेबांची गाडी बघून मीच ओरडले."

पोर रडून रडून निळं पडायला आलं होतं. म्हातारीने ते घ्यायला हात पुढे केले. मुलाने पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि तिच्याकडे पाठ फिरवली.