पायरीचे गुण

पेपर उघडला, पहिलं पान नजरेखालून गेलं, आणि शांतीलालमास्तरांनी तो तसाच मिटून मांडीवर ठेवला.

सकाळचं ऊन अजून ओसरीवर चढलं नव्हतं. सतरंजीवर त्यांच्या डाव्या हाताला मॅट्रिकच्या गणिताचे न तपासलेले पेपर होते, उजव्या हाताला तपासलेले, आणि खानदेशातला चैत्राचा वारा म्हणजे कुठल्या क्षणी काय उडवील याचा नेम नाही म्हणून दोन्ही चळतींवर एकेक दगड. गल्लीतून कापसाच्या रिकाम्या गाड्या खडखडत चालल्या होत्या. एरवी मास्तरांना हा आवाज ऐकूही येत नसे. आज प्रत्येक चाक ऐकू आलं.

पेपरावर नाव नव्हतं. असायचंच नाही, नुसता आसनक्रमांक. पण अक्षर नाव सांगत होतं. पहिलीच्या पोरांसाठी फळ्यावर काढावं तसं एकेक सुटं, उभं, गोल अक्षर. चार वर्षं दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत हे अक्षर याच ओसरीवर पाटीवर उमटत आलं होतं. हा उदेसिंगचा पेपर होता.

उदेसिंग सातपुड्यातल्या मोलगीकडचा. पावरा कुटुंबातला, तिशी उलटलेला, दोन पोरींचा बाप. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, होऊन तो डोंगरातल्या प्राथमिक शाळेवर मास्तर झाला होता आणि आता बाहेरून मॅट्रिकला बसला होता. सरकारनं त्या भागात वसतिगृहाची मोठी शाळा काढायचं ठरवलं होतं, पण हेडमास्तर मॅट्रिक झालेला हवा. आजवर सपाटीवरून तिकडे गेलेला प्रत्येक मास्तर एक पावसाळा काढायचा आणि बदलीच्या मागे लागायचा. पोरांची भाषा त्याला कळत नसे, त्याची पोरांना कळत नसे. "मी पास झालो तर शाळा टिकेल, मास्तर," असं उदेसिंग एकदाच म्हणाला होता, आणि मग अभ्यासाला लागला होता.

त्याची एक खोड होती. गणित सांगितलं की तो गल्लीकडे तोंड करून गप्प बसायचा आणि थोड्या वेळानं उत्तर द्यायचा.

"कसं काढलंस?" मास्तर विचारायचे.

"दिसलं."

"दिसलं म्हणजे? समीकरण मांड."

मग तो मान खाली घालून समीकरण मांडायचा, अगदी नाइलाजानं, घरी पोचलेल्या माणसाला परत जाऊन वाट दाखवायला लावावं तसं.

यंदा अहमदाबादचे एक परीक्षक आजारी पडले आणि त्यांचे पेपर इतरांना वाटले गेले. त्यात धुळे केंद्राचा गठ्ठा नंदुरबारला मास्तरांकडे आला. जवळच्या केंद्राचे पेपर परीक्षकाकडे जायचे नसतात, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मास्तरांनीही केंद्राच्या नावाकडे पाहिलं नव्हतं. ते पाहायचं नाही, हाच त्यांचा शिरस्ता.

त्यांचे असे पुष्कळ शिरस्ते होते. जेवणानंतर लगेच पेपर धरायचा नाही. मन चिडलेलं असेल तर धरायचा नाही. सगळा गठ्ठा संपला की पहिल्या दिवसाचे पेपर पुन्हा वाचायचे, कारण सुरुवातीला हात कडक असतो, शेवटी सैल पडतो. आणि गठ्ठ्यात आपला पेपर वर होता की खाली, यावर कुणाचं नशीब ठरू नये. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याच्या घरातला हा पहिला पदवीधर. कपाशीच्या वजनात मापाडी काय करतो ते लहानपणी पाहिलेला. तराजूला हात लागू द्यायचा नाही, हे त्यांनी तेव्हाच मनाशी घेतलं होतं.

म्हणूनच मुंबईच्या परीक्षकांच्या बैठकीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. आदल्या वर्षी एका केंद्रावरच्या रांगच्या रांग मुलांनी नुसती उत्तरं लिहिली होती, सगळी बरोबर, आणि मांडणी कुणाचीच नाही. मास्तर उभे राहून म्हणाले होते, "समीकरण नसेल तर उत्तराचे दोनच गुण. बाकीचे आठ पायऱ्यांचे. पायरी नाही, गुण नाहीत."

एका म्हाताऱ्या परीक्षकांनी विचारलं, "आणि एखाद्यानं खरोखरच डोक्यात केलं असेल तर?"

"डोक्यात केलं की मागच्या बाकावरून आलं, हे आपल्याला कसं कळणार? आपल्यासमोर कागद आहे. माणूस नाही."

सगळ्यांना पटलं. नियम झाला.

मास्तरांनी मांडीवरचा पेपर पुन्हा उघडला. नावेचं गणित काढलं. नदीचा वेग ताशी दोन मैल. नाव चोवीस मैल प्रवाहाबरोबर जाते आणि तेवढीच परत येते. जाऊन-येऊन पाच तास लागतात. तर संथ पाण्यात नावेचा वेग किती?

उदेसिंगनं समीकरण मांडलंच नव्हतं. त्यानं लिहिलं होतं: जाताना पाणी नावेला ढकलते, येताना अडवते. जाताना बारा मैलांनी गेली तर दोन तास. येताना आठ मैलांनी आली तर तीन तास. म्हणून नावेचा स्वतःचा वेग दहा.

मास्तरांना प्रकाशा गावाजवळची तापी दिसली, पुराच्या पाण्यानं फुगलेली, आणि नावेत बसून काठाकडे टक लावून पाहणारा उदेसिंग. हे चोरलेलं उत्तर नव्हतं. यात समीकरण नव्हतं, पण विचार होता, धडधडीत होता. सहा गुण द्यायला हरकत नव्हती. त्यांनी पेन्सिल उचलली.

आणि मग त्यांना आठवलं. त्यांनी उजवीकडच्या चळतीवरचा दगड बाजूला केला आणि पेपर चाळत गेले. तिसऱ्या दिवशी तपासलेल्यांत तो सापडला. कुणा परक्या मुलाचा, बारीक तिरप्या अक्षराचा. त्यानंही तसंच लिहिलं होतं: प्रवाहाबरोबर इतके, उलट इतके, म्हणून दहा. समासात मास्तरांच्याच हातचा लाल आकडा होता. दोन.

तो आकडा देताना त्यांचा हात क्षणभरही अडला नव्हता.

"जेवाले चाला ना," म्हणत आतून जसोदाबाई आल्या. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून त्या उंबऱ्यातच थांबल्या. "काय व्हयनं? असा काबर बठेल शेतस?"

"उदेसिंगना पेपर शे हाऊ."

"मंग चांगलं व्हयनं की! दी टाका गुण."

"देता येत नही."

"काबर? गणित चुकनं का त्यानं?"

"नही."

"चोरी करी का?"

"नही."

"त्याले येस ना गणित?"

"येस त्याले."

"मंग तुम्हनं काय आडी ऱ्हायनं?"

बी.ए.ला गणित घेतलेला हा माणूस चूल सांभाळणाऱ्या बायकोसमोर फळ्यापाशी उभ्या केलेल्या पोरासारखा पेन्सिलीचं टोक पाहत राहिला. जसोदाबाई पदरानं हात पुसत आत गेल्या. त्या दिवशी ताटं बराच वेळ वाढून ठेवलेली राहिली.

ओळखीच्या उमेदवाराचा पेपर आला तर तो न तपासता मुख्य परीक्षकांकडे पाठवायचा, असा नियम होताच. मास्तरांनी तो पाळला. नियम होता म्हणून, आणि आपल्या हातावर भरवसा उरला नव्हता म्हणूनही. सहा दिले तर परक्या मुलाचं काय? दोन दिले तर उदेसिंगला कुठल्या तोंडानं भेटायचं? पेपरासोबत त्यांनी एक चिठ्ठी जोडली: नावेच्या प्रश्नात शब्दांत मांडलेला विचार ही पायरी धरावी, सर्वच उमेदवारांना.

आठवड्यानं उत्तर आलं. मुख्य परीक्षक भले गृहस्थ होते, भाषा अदबीची होती. नियम आपल्याच सूचनेवरून झाला. बहुतेक परीक्षकांचे गठ्ठे गुण देऊन परत आले आहेत. आता बदल केला तर ज्यांचे पेपर आधी तपासले गेले त्यांच्यावर अन्याय होईल.

मास्तरांनी ते वाचलं. खोडून काढावं असं त्यात एक वाक्य नव्हतं. त्या खुर्चीवर ते स्वतः असते तर त्यांनीही हेच लिहिलं असतं. त्यांनी उरलेला गठ्ठा संपवला, पहिल्या दिवसाचे पेपर पुन्हा वाचले आणि सगळं बांधून टपालात टाकलं. तिरप्या अक्षराचा पेपर दोनावरच राहिला. तो मुलगा कोण, कुठला, पुढे त्याचं काय झालं, हे त्यांना कधीच कळणार नव्हतं.

जूनमध्ये निकाल लागला. उदेसिंग बाकी सगळ्या विषयांत पास होता. गणितात थोडक्यात गेला.

पुढच्या वर्षीच्या बैठकीत मास्तर पुन्हा उभे राहिले आणि स्वतःचाच नियम मोडीत काढा म्हणाले. लोकांना नवल वाटलं, थोडी थट्टाही झाली, पण बदल झाला. शब्दांतला विचारही पायरी धरला जाऊ लागला. तोवर मोलगीकडची जागा भरली गेली होती.

त्या जूनमध्येच, निकालानंतर काही दिवसांनी, उदेसिंग आला होता. पांढरी टोपी, गुडघ्यापर्यंत धोतर, पायाला घाटातली लाल माती. तो मास्तरांच्या पाया पडला आणि ओसरीच्या कडेला बसला. जसोदाबाईंनी पाणी दिलं, गूळ दिला, आणि आत गेल्या.

"नावेच्या गणितात घसरलो असणार," उदेसिंग म्हणाला. "समीकरण मांडायचं सुचलंच नाही. तुम्ही इतकं सांगितलं होतं."

"उत्तर बरोबर होतं तुझं."

बोलून गेल्यावर मास्तरांच्या ध्यानात आलं. उदेसिंगनं अजून आपलं उत्तर सांगितलंच नव्हतं.

उदेसिंगनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "तुमच्याकडे आला होता?"

"आला होता. मी परत पाठवला."

"बरं केलंत." तो गुळाचा खडा बोटांत फिरवत राहिला. "तुम्ही तपासला असता आणि पास झालो असतो, तर लोक म्हणाले असते, मास्तरांनी पास करून टाकला."

"उदेसिंग, तो समीकरणाचा नियम मीच करायला लावला होता. मुंबईला. या परीक्षेच्या आधी."

उदेसिंगनं गल्लीकडे तोंड फिरवलं. गल्लीत कुणीतरी बैलाला हाकारत होतं.

"सगळ्यांना सारखाच लावला ना?"

"हो."

"मग झालं."

तो उठला. टोपी सारखी केली. ओसरीवरून उतरला आणि पाठमोराच थांबला.

"पण मास्तर, ते मला दिसलं होतं. कुणाचं पाहून नाही लिहिलं मी. खरंच दिसलं होतं."

"माहीत आहे मला," मास्तर म्हणाले. "मला माहीत आहे रे."

उदेसिंगनं मान डोलावली. "येतो मी. जळगावकडची गाडी यायची वेळ झाली. नवे हेडमास्तर येणार आहेत, त्यांना वर घेऊन जायचं आहे. वाट त्यांना कशी सापडणार?"

मास्तर पायांत वहाणा सरकवून त्याच्याबरोबर स्टेशनवर गेले.

गाडीतून एक कोवळा तरुण उतरला. इस्तरीचा कोट, मोठी ट्रंक, वळकटी, आणि चेहऱ्यावर आपण कुठे येऊन पडलो असा भाव. उदेसिंगनं नमस्कार केला, नाव सांगितलं, आणि हमालाला हाक न मारता ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली.

"अहो, राहू द्या," तरुण ओशाळून म्हणाला. "तुम्हीसुद्धा मास्तरच ना?"

"प्रकाशापर्यंत बैलगाडी आहे, साहेब. पुढे नाव, तळोद्यापर्यंत दुसरी गाडी. मग चालायचं." उदेसिंग म्हणाला. "वाटेत थोडं बोलायला शिकवतो. पोरांना एकदम मराठी कळत नाही. आधी 'ये, बस, भिऊ नको' एवढं आलं तरी पुरे."

त्यानं आपल्या बोलीतला एक शब्द सावकाश उच्चारला. तरुणानं तो म्हणून पाहिला. फारच वेडावाकडा आला. त्याचं त्यालाच कळलं आणि तो लाजला.

"चुकलं ना?"

उदेसिंगनं ट्रंकेखालची चुंबळ एका हातानं नीट केली.

"नाही, साहेब," तो म्हणाला. "जवळ आलं. पोरांना कळेल."

दोघं स्टेशनाबाहेरच्या बैलगाडीकडे चालू लागले. शांतीलालमास्तर फलाटावरच उभे राहिले. तरुण तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी ट्रंक सांभाळत उदेसिंग हळूच मान हलवीत होता.