गच्चीवरच्या दोन पेट्या

"सर, तुमची थर्माकोलवाली पेटी तर भट्टी निघाली," उन्मेष म्हणाला आणि गच्चीवरची मंडळी हसली.

हेमचंद्र टिपणीस पेट्यांसमोर उकिडवे बसले होते. दोन्ही प्लायवुडच्या, एकाच मापाच्या, पूर्वेला एकेक काचेची खिडकी. एकीला आतून थर्माकोलचा थर आणि खिडकीवर पुठ्ठ्याची तिरपी झडप; दुसरी उघडीबोडकी. इमारतींत वीज वाचवण्याच्या नियमांचा, म्हणजे ऊर्जासंहितेचा, अर्धा अभ्यासक्रम या दोन पेट्यांत मावतो, असे ते वर्गात सांगत. सकाळपासून दोन्ही उन्हात होत्या. उघड्या पेटीतला तापमापक त्रेचाळीस दाखवत होता, थर लावलेल्या पेटीतला सत्तेचाळीस.

बिल्डरांच्या संघटनेचे सचिव चिंतामणी आज मुद्दाम गच्चीवर आले होते. मेंबरांच्या मुलांसाठी आणि नोकरांसाठी संघटनेने काढलेला हा वर्ग पुढच्या वर्षी चालवायचा की नाही, हे ते आज ठरवणार होते. नोकरीचा अंबरनाथचा कारखाना बंद पडल्यापासून हेमचंद्रांना 'सर' म्हणणारी एवढी एकच जागा उरली होती.

"आकडा लिहून घ्या," हेमचंद्र म्हणाले. "जो दिसतोय तोच."

मग त्यांना दिसले, की झडप जागेवर नाही. ती उन्मेषच्या हातात होती. तो तिने वारा घेत होता.

"ही कधी काढलीत?"

"आत्ताच, सर. वर आलो तेव्हा. एवढी गर्मी, यार."

"आत्ता काढली असती तर पारा इतका चढला नसता."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

हेमचंद्रांनी राजसीकडे पाहिले. सकाळपासून नोंदी घ्यायला तीच वर येत होती. वर्गातले सगळे गृहपाठ पुरे करणारी ती एकटी. नोकरी मात्र उन्मेषच्या बिल्डर वडिलांच्या ऑफिसात.

"राजसी, मघाच्या नोंदीला झडप होती का गं?"

राजसीने उन्मेषकडे पाहिले. उन्मेष वारा घेतच राहिला.

"होती, सर."

"नीट आठव."

"होती."

पुराव्याविना बोलायचे नाही, ही हेमचंद्रांची आयुष्यभराची सवय.

"टिपणीससाहेब," चिंतामणी हळू आवाजात म्हणाले, "मेंबर लोकांना मी काय सांगू? खर्च करून थर लावा, म्हणजे घर जास्त तापेल?"

"झडप नसेल तर तापेलच. ते नियमाला धरूनच आहे. मी फळ्यावर समजावतो."

"समजवा ना. जेवण यायला वेळ आहे, तोवर पोरं बसतील. पुढच्या वर्षीचं मात्र राहू द्या."

खाली पडदे ओढलेल्या, गार हॉलमध्ये हेमचंद्रांनी खडू उचलला. काचेतून आलेले ऊन आत उष्णता होऊन राहते, हे त्यांनी काढून दाखवले. जो थर बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, तोच आतली बाहेर जाऊ देत नाही, येथवर ते आले तेव्हा दारात पुलावाची पातेली आली. खुर्च्या सरकल्या. उन्मेष "थँक्यू, सर" म्हणाला. राजसी वही छातीशी धरून खाली बघत गेली.

हेमचंद्र पाठमोरे लिहीतच होते.

चिंतामणींनी दाराजवळची बटणे एकेक करून दाबली. आधी एसी बंद झाला, मग दिवे.

"सगळे गेले, साहेब. वीज कशाला जाळायची? तुमचंच शिकवणं," ते म्हणाले. त्यात कुत्सितपणा नव्हता. "या जेवायला."

फळ्यावरचे विधान अर्धेच लिहून झाले होते. अर्धे विधान चुकीचे ठरते. हेमचंद्रांनी अंधारात अंदाजाने फळा चाचपला आणि उरलेले शब्द लिहिले. अक्षरे ओळ सोडून खाली उतरत गेली.