ताईंचा श्वास मोजणारा मी

मित्रांनो, मी एक जुना श्वासमापक आहे. दवाखान्यात मला पीक फ्लो मीटर म्हणतात आणि ज्या घरात मी राहतो तिथे फुंकणी म्हणतात. फुंकणी चुलीला लागते, माझा चुलीशी काडीचाही संबंध नाही. पण घरच्यांनी एकदा नाव ठेवलं की ते पुसता येत नाही, म्हणून मी ते ऐकून घेतो.

दिसायला मी अगदी साधा. वीतभर लांबीची पांढरी प्लॅस्टिकची नळी, एका टोकाला ओठांत धरायची तोंडनळी, पाठीवर आकड्यांची पट्टी आणि पट्टीवरून सरकणारा लाल काटा. पोटात एक स्प्रिंग आणि एक पातळ चकती. काटा खाली आणायचा, उभं राहून छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटायचे आणि एका दमात जोरात फुंकायचं. छातीतल्या वाटा मोकळ्या असल्या की काटा लांब जातो, त्या आवळल्या की अलीकडेच थांबतो. असं तीनदा करायचं आणि त्यातला मोठा आकडा कागदावर लिहायचा. मला एवढंच येतं, पण तेवढं मी चोख करतो.

कारखान्यात आमची परीक्षा झाली तेव्हा एका यंत्राने माझ्यात ठरावीक जोराच्या तीन फुंकरी मारल्या. तिन्ही वेळा माझा काटा जिथे थांबायला हवा तिथेच थांबला. माझ्या शेजारचा मीटर दर वेळी वीस आकडे जास्त दाखवत होता. स्वभावाने तो उदार होता बिचारा, पण आमच्या धंद्यात उदारपणा चालत नाही. त्याला वेगळ्या टोपलीत टाकलं आणि मला खोक्यात भरलं.

पुढे मी छातीच्या डॉक्टरबाईंच्या कपाटात आलो आणि एका सकाळी त्यांनी मला ताईंच्या हातात दिलं. ताई तेव्हा एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. दारावरच्या घंटा आणि इंटरकॉम बनवणाऱ्या एका कारखान्यात त्या एकोणीस वर्षं सोल्डरिंग करत होत्या. सर्किटच्या हिरव्या पट्टीवर तांदळाच्या दाण्याएवढे सुटे भाग ठेवायचे आणि गरम सोल्डरगनने तार वितळवून ते सांधायचे, हे त्यांचं काम. त्या तारेच्या पोटात राळ असते. तार तापली की राळेचा पांढरा धूर निघतो, आणि बारीक काम करणारा माणूस वाकलेला असल्यामुळे तो थेट त्याच्या नाकाशी जातो. ताईंचे सांधे इतके नेटके असत की नव्या मुलींना शिकवताना मालक त्यांचीच पट्टी दाखवत. त्यांची धाकटी जाऊही त्यांच्याच शब्दावर कामाला लागली होती आणि शेजारच्या टेबलावर बसत होती.

ताईंना दमा होता, आणि तो कुठल्याच औषधाला दाद देत नव्हता. दोन महिन्यांपूर्वी तर ओठ काळे-निळे पडल्यावर त्यांना दवाखान्यात आणावं लागलं होतं. डॉक्टरबाईंनी त्यांना तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं, "असा झटका पुन्हा आला आणि पोचायला उशीर झाला, तर मी काही करू शकणार नाही. हे कशामुळे होतंय ते शोधायलाच हवं." म्हणून माझी नेमणूक झाली. दोन आठवडे कामावर आणि दोन आठवडे सुट्टीत, दिवसातून चार वेळा माझ्यात फुंकायचं आणि आकडे लिहायचे. कामावर आकडे घसरले आणि सुट्टीत सावरले, की चोर कारखान्यात आहे हे कळणार होतं.

काम अगदी सोपं होतं. पण ताईंनी त्याचा पार विचका केला, आणि तोही त्यांच्या चांगल्या सवयीपायी.

त्यांच्या कारखान्यात एक रीत होती. सांधा बिघडला तर तो कोणाला दाखवायचा नाही. सोल्डर ओढून काढायचं, जागा पुसायची आणि तो नीट जमेपर्यंत पुन्हा करायचा. मालकांच्या पुढे जायची ती चांगलीच पट्टी. एकोणीस वर्षांत ही रीत ताईंच्या हाडीमाशी खिळली होती. दुपारी दोन वाजता त्या सामानाच्या खोलीमागे जाऊन माझ्यात फुंकत. काटा दोनशे नव्वदवर थांबे. त्या माझ्याकडे अशा बघत, की जणू मी एखादा बिघडलेला सांधा आहे. मग पिशवीतला, छाती लगेच मोकळी करणारा दम्याचा निळा पंप काढून दोन झुरके घेत, पाव तास थांबत आणि पुन्हा फुंकत. तीनशे साठ. आणखी थोडं थांबून आणखी एकदा. चारशे दहा आले की त्यांचा चेहरा खुले आणि त्या सुंदर अक्षरात लिहीत: चारशे दहा.

मला फार राग येई. काटा खाली ढकलला की आधीचा आकडा माझ्या अंगावरून नाहीसा होतो. खरं काय ते मला ठाऊक, पण मला तोंड आहे ते फक्त दुसऱ्यांनी फुंकण्यासाठी.

सुट्टीत ताईंना पंप फारसा लागलाच नाही आणि आकडे आपोआप चारशे दहाच्या आसपास राहिले. डॉक्टरबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. कामावर चारशे दहा, घरी चारशे दहा. "कामाचा संबंध दिसत नाही," असं म्हणून त्यांनी औषधं वाढवली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय. पुढचे आठ महिने ताई तेच करत राहिल्या. गोळ्यांनी त्यांचा चेहरा सुजला, साखर वाढली, जिना चढताना त्या मधल्या पायरीवर बसू लागल्या. त्यांचे यजमान एकदा म्हणाले, "तुझा औषधांचा डबा आता शिवणाच्या डब्याएवढा झाला." ते हसत म्हणाले, पण नंतर बराच वेळ तो डबा हातात धरून बसले होते.

शेवटी डॉक्टरबाईंनी हात टेकले आणि ताईंना मोठ्या दवाखान्यात, अवघड दम्याच्या विभागात पाठवलं. मीही पिशवीतून गेलो. तिथे कशाची ॲलर्जी आहे ते बघायला ताईंच्या हातावर ओळीने थेंब ठेवून सुया टोचल्या, रक्त घेतलं, छातीचे फोटो काढले, श्वासातला वायू मोजला, पंप नीट ओढता येतो की नाही तेही बघितलं. श्वास तपासणारे एक उंच, टकले गृहस्थ होते. दिवसभर लोकांना "फुंका, फुंका, अजून, अजून" म्हणत, म्हणून सगळे त्यांना फुगेवाले म्हणत. त्यांनी आधी मला मोठ्या यंत्राला लावून पाहिलं आणि म्हणाले, "मीटर खरा आहे." आजवर कोणी माझं कौतुक केलं ते एवढंच, पण मला पुरलं.

मग त्यांनी ताईंचे कागद पसरले आणि निळा पंप मागितला. पंपाच्या पाठीवर उरलेले झुरके दिसतात. दोनशेचा पंप, तीन आठवड्यांपूर्वी उघडलेला, आणि उरले होते चौदा. कागदावर मात्र लिहिलं होतं, पंप दिवसातून एकदा.

"ताई, हा कागद फार सुंदर आहे," फुगेवाले म्हणाले. "इतका सुंदर आहे की माझ्या काही कामाचा नाही. फुंकण्याआधी पंप घेता का?"

"घेते," ताई म्हणाल्या. "त्याशिवाय आकडा चांगला येत नाही."

"आणि तरी कमी आला तर?"

"तर पुन्हा करते. बिघडलेला सांधा कोणी मालकांना दाखवतं का?"

फुगेवाले हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "आम्हाला बिघडलेलाच हवा असतो. चांगल्या आकड्यात आम्हाला काही सापडत नाही."

ताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग हळूच म्हणाल्या, "कामामुळेच आहे असं निघालं तर मला त्या टेबलावरून उठवतील. मला दुसरं काही येत नाही हो." त्या रडल्या. तेव्हा मला माझ्या आठ महिन्यांच्या रागाची लाज वाटली. मी समजत होतो की त्यांना खरं कळत नाही. त्यांना ते सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

खरी परीक्षा पुढच्या महिन्यात झाली. मित्रांनो, ही परीक्षा घरी करून बघायची नसते. तिथे डॉक्टर दाराशी उभे असतात, औषध हाताशी तयार असतं, आणि कुठलं औषध किती दिवस आधी थांबवायचं तेही तेच ठरवतात. काचेची एक छोटी खोली होती. आत एक टेबल, एक सोल्डरगन आणि जुन्या पट्ट्या. पहिल्या दिवशी ताईंनी राळ नसलेल्या तारेने काम केलं. दर तासाला त्या मोठ्या यंत्रात फुंकत आणि माझ्यातही. दिवसभर चारशेच्या खाली काटा आला नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातली तार दिली. राळेचा धूर निघाला आणि ताईंच्या चेहऱ्यावर ओळखीचं माणूस भेटल्यासारखं हसू आलं. अर्धा तास त्यांनी काम केलं. दहा वाजता चारशे दहा, अकराला चारशे, बाराला पुन्हा चारशे दहा. "बघा, काही नाही," त्या फुगेवाल्यांना म्हणाल्या. खरं सांगतो, त्या वेळी मलाही वाटलं की काही निघू नये.

फुगेवाले म्हणाले, "थांबू या. काही छात्या उशिरा बोलतात."

दुपारी तीनला तीनशे साठ आले. साडेतीनला तीनशे दहा. चारला ताईंच्या छातीतून मांजराच्या पिलासारखा आवाज येऊ लागला आणि माझा काटा दोनशे सत्तरवर थांबला. दुसऱ्यांदाही तिथेच, तिसऱ्यांदाही तिथेच. ताईंनी समोरच्या ट्रेमधल्या पंपाकडे पाहिलं. मग पेन उचललं आणि लिहिलं: दोनशे सत्तर. अक्षर वाकडं आलं होतं. मला त्यांचा फार अभिमान वाटला. लगेच डॉक्टरांनी औषध दिलं आणि संध्याकाळपर्यंत छाती मोकळी झाली. रात्रभर त्यांना तिथेच ठेवून घेतलं.

दमा राळेच्या धुरामुळेच होता. डॉक्टरांचं पत्र मालकांनी दोनदा वाचलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण धूर दिसतो आणि दमा दिसत नाही, म्हणून त्यांनी कधी विचारच केला नव्हता. ताईंना अंगणापलीकडच्या खोलीत तयार पट्ट्या तपासायला बसवलं. धूर ओढणाऱ्या नळ्या टेबलांवर लावायचं ठरलं, आणि ते अजून नुसतं ठरलेलंच आहे. डॉक्टरांनी ताईंच्या गोळ्या हळूहळू बंद केल्या. चेहऱ्याची सूज उतरली, जिना एका दमात चढता येऊ लागला. पण आकडा तीनशे नव्वदच्या वर फारसा जात नाही. एकोणीस वर्षांचा धूर एका वर्षात जात नसतो. आणि ताईंचे हात अजून शिवशिवतात. दुसऱ्यांचे सांधे तपासणं म्हणजे दुसऱ्यांच्या ताटाकडे बघत बसणं, असं त्या म्हणतात. मी त्यांना खोटं ठरवणार नाही.

माझी आता फारशी गरज पडत नाही. पट्टीवरचे आकडे पुसट झाले आहेत, माझ्या जागी नवा मीटर आला आहे. मी खिडकीत असतो. महिनोन्महिने कोणी धूळ पुसत नाही. मला महिन्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात धुवावं आणि वाऱ्यावर वाळवावं, एवढीच माझी मागणी आहे. आणि मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊ असेल, तर त्याला खूश करायला फुंकू नका. कमी आकडा म्हणजे तुम्ही नापास झालात असं नाही. तो छातीचा निरोप असतो, आणि निरोप खोडून लिहायचा नसतो.

गेल्या आठवड्यात ताईंनी मला स्वच्छ धुतलं, नवी तोंडनळी लावली आणि पिशवीतून कारखान्यात नेलं. मला वाटलं, आपली आठवण आली. पण दुपारच्या सुट्टीत त्यांनी मला धाकट्या जावेच्या हातात दिलं. ताईंचं जुनं टेबल आता तिच्याकडे आहे, आणि तिला महिनाभर खोकला आहे. तिने तीनदा फुंकलं. काटा दोनशे ऐंशीच्या पुढे गेला नाही.

"ताई, मी नीट फुंकलं नाही," ती घाईने म्हणाली. "जरा बसते, मग पुन्हा फुंकते. हा आकडा धरू नका."

ताईंनी तिच्या हातात पेन दिलं. "मी आठ महिने चांगले आकडे लिहिले गं. त्यातल्या एकानेही मला श्वास दिला नाही. जेवढा आलाय तेवढा लिही."

जावेने लिहिलं: दुपारी दोन, दोनशे ऐंशी. मग दोघी मालकांच्या खोलीकडे निघाल्या. मी पिशवीत होतो. कागद मात्र ताईंनी पिशवीत ठेवला नाही. घडी न घालता, कोणालाही वाचता येईल असा हातात धरून त्या पुढे चालत होत्या.